कांचळीवरचे आरसे

यवतमाळात व्यक्तिचित्रं करणाऱ्याकडे लमाणी बाईच्या चित्राची मागणी हमखास येते. कुणाला दिवाणखान्यात लावायचं असतं, कुणाला हॉटेलात. अटी ठरलेल्या: डोक्यावर घागर, तिरपी नजर, मागे वाळू, जमल्यास उंट. आमच्या दारव्हा-दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांभोवती तर काळी माती, पऱ्हाटी आणि पळस. मग ही वाळू आली कुठून?

तिचा माग काढत गेलं की मला फ्रेंच चित्रकार जाँ-लिऑन जेरोमचा पॅरिसमधला स्टुडिओ दिसतो. जेरोम 1856 मध्ये इजिप्त फिरून आला, पुढे 1864 पासून चाळीस वर्षं त्याने पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत शिकवलं. त्याचं 1879च्या सुमाराचं सापगारुड्याचं चित्र घ्या. उघडा मुलगा, अंगाला वेढलेला अजगर, भिंतीशी बसलेले बघे. मागच्या निळ्या फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या, सापाचा खेळ इजिप्तकडचा. तरी सगळं जागेवर बसून रंगवल्यासारखं वाटतं, कारण रंग इतका घोटलाय की ब्रशचा फटकारा कुठे सापडत नाही. त्या हाताला मी मनापासून मानतो. एडवर्ड सैद यांच्या 1978च्या ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र छापलं गेलं आणि 1983 मध्ये कलाइतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी नेमकी या गुळगुळीतपणाची नस पकडली: फटकारा पुसला की चित्रकार नाहीसा होतो, आणि रचलेलं दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं ठरतं.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये असंच वास्तवदर्शी शिक्षण लंडनच्या वाटेने आलं. तिथेच घडलेल्या चित्रकार धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी चित्रं केली. धुरंधरांच्या बायका चालतात, वळतात, त्यांच्या लुगड्याला वजन असतं. पण पुस्तकाच्या मांडणीत प्रत्येक बाई आपल्या जातीचा नमुना म्हणून उभी राहते. तिचं नाव कुणी विचारत नाही.

म्हणून मी तांड्यावर जाऊन, उघड्यावर बसून काम करतो. कांचळीवरचे, म्हणजे लमाणी चोळीवरचे, आरसे तिथेच कळतात. स्टुडिओच्या दिव्याखाली सगळे सारखे पांढरे चमकतात, पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले की भागतं. उन्हात प्रत्येक आरसा वेगळा. एकात आभाळाचा निळा, खालच्यात मातीचा काळपट तपकिरी, बाई जरा वळली की एखाद्यात माझ्या सदऱ्याचा पट्टा. तो पट्टा मी रंगवतोच. समोर कुणीतरी बसून बघत होतं, हे चित्रात राहिलं पाहिजे.

दारव्ह्याकडच्या एका याडीने (लमाणी बोलीत आई) बसण्याआधीच बजावलं, “माह्या बलिया पिलास्टिकच्या हायेत जी, तशाच काढजा.” त्या बांगड्या तशाच काढल्या. हस्तिदंताचा रंग उबदार, पिवळट. प्लास्टिकचा थंड, कडेला निळसर, आणि त्यावरची चमक धारदार. ते साधायला हस्तिदंतापेक्षा जास्त वेळ लागला. घेणाऱ्याने बलिया हस्तिदंती करून मागितल्या, मागे वाळूही हवी होती. मी दोन्हीला नाही म्हटलं. चित्र त्या याडीच्या घरी लावलंय.