परसबागेतील पाठ

मेथीचे बी ओल्या वाफ्यात पडले की साधारण महिन्याभरात जुडी हाती येते. शाळेच्या परसबागेतील हा एक महिना विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवून जातो. वाफा आखताना क्षेत्रफळ कळते, भाजी तराजूत टाकताना वजन कळते. आणि काढणीच्या तोंडावर कीड पडली, तर शेतकऱ्याचे नुकसान म्हणजे काय, तेही कळते.

खेड्यातील मुलाला हे वेगळे शिकवावे कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु शेतात केवळ कपाशी किंवा ऊस असलेल्या घरी भाजी आठवडी बाजारातूनच येते आणि मुलाच्या हाती दुकानातील तळलेल्या खाऊचा पुडा असतो. अन्न पिकवणाऱ्यांच्या घरातच अन्नाची ओळख पुसट होत चालली आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला आणि आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामात ती प्रत्यक्षात आणली. पुढे ही नई तालीम मागे पडली. हाताने काम करणे म्हणजे दुय्यम शिक्षण, ही पालकांच्या मनातील समजूत त्याचे एक मोठे कारण होते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मात्र शेती आणि स्वयंपाक आजही शिक्षणाचाच भाग आहेत.

शालेय पोषण आहारालाही परसबागेची जोड देण्यात आली आहे. मुलांनी लावलेला पालक, शेवगा, कढीपत्ता त्यांच्याच ताटात येतो. स्वतः पाणी घातलेली भाजी मूल सहसा पानात टाकत नाही. तथापि एक पथ्य पाळावे लागते. खुरपणी ही शिक्षा म्हणून दिली किंवा ठरावीक मुलांच्याच वाट्याला आली, तर परसबाग श्रमाची प्रतिष्ठा शिकवण्याऐवजी श्रमाची लाजच शिकवते.

दुसरी अडचण पाण्याची आणि राखणीची आहे. मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद होते, वाफे करपतात, मोडक्या कुंपणातून गुरे शिरतात. व्यापारी कुटुंबांनी गावोगावच्या शाळांना उदार हस्ते दान दिले आहे. वर्गखोल्यांवरील नामफलक त्याची साक्ष देतात. कुंपणाला, पाण्याच्या टाकीला आणि सुटीत झाडे जगवणाऱ्या माणसाच्या मजुरीला मात्र दाता क्वचितच मिळतो. या गोष्टींवर नाव कोरता येत नाही. पण धान्याचा भाव रोज पाहणाऱ्या पेढीला त्या धान्यामागील घामाचे मोल ठाऊक असते. तेच मोल नव्या पिढीला कळावे, यासाठी असा खर्च उचलणे हे त्या पेढीला शोभणारे दान आहे.