आपट्याचे भाऊबंद

यंदा दसऱ्याला हातावर पडलेलं सोनं तळव्याएवढं होतं. पातळ, लुसलुशीत. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. हा कांचन होता. बाजारात कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून सर्रास विकतात आणि सणापायी रस्त्याकडेची झाडं ओरबाडली जातात. याचा मला मनापासून राग येतो.

शास्त्रात या साऱ्यांचं आडनाव एकच, बौहिनिया. योहान आणि कास्पार बाउहिन हे सोळाव्या-सतराव्या शतकातले दोन वनस्पतिज्ञ भाऊ. मधोमध दुभंगलेलं जोडपान म्हणजे ही भावांची जोडी, असं लिनियसने लिहून ठेवलं. आपटा बौहिनिया रेसिमोसा, रक्तकांचन व्हेरिगेटा, देवकांचन पुर्पुरिया. पाठ करायला सोपं, झाडाखाली उभं राहिलं की अवघड.

कॉलेजात आमच्या बाई नावं पाठ करू देत नसत. "आधी केसर मोज," म्हणायच्या. फेब्रुवारीतली सकाळ, रक्तकांचनाची पानं जवळजवळ गळालेली, झाड नुसतं गुलाबी. एकेक फूल तळव्यावर घेऊन आम्ही वाकून बघायचो: रुंद, एकमेकींवर चढलेल्या पाकळ्या, त्यांतल्या एकीवर गडद जांभळ्या रेघा, आणि वर वळलेले पाच पुंकेसर. देवकांचनासाठी बाईंनी दिवाळीपर्यंत थांबायला लावलं. तो पानांसकट फुलतो, पाकळ्या अरुंद, सुट्या सुट्या, पुंकेसर बहुधा तीनच. कुणी घाईने "मॅडम, चार!" ओरडलं, की बाई शांतपणे दुसरं फूल पुढे करायच्या. वही उघडायची ती त्यानंतर. बोटांना लागलेले परागकण वहीच्या पानांवर उतरायचे, आणि बाईंना ते आवडायचं. पुढे पांढऱ्या कांचनात दहा पुंकेसर मोजले तेव्हा आम्ही अख्खा वर्ग टाळ्या पिटत होतो. त्यांच्याइतकं चांगलं मला कुणी शिकवलं नाही.

हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूलही याच घरातलं, बौहिनिया ब्लेकिआना. 1880च्या सुमारास एका फ्रेंच धर्मोपदेशकाला ते तिथल्या किनाऱ्याजवळ सापडलं आणि 1908 साली गव्हर्नर ब्लेक यांच्या घराण्यावरून त्याला नाव मिळालं. रक्तकांचन आणि देवकांचन यांचा तो संकर. एक थंडी सरताना फुलतो, दुसरा थंडी सुरू होताना, तरी कुठेतरी दोघांची गाठ पडली. त्याला बी धरत नाही, म्हणून फांदी लावून किंवा कलम बांधूनच ते वाढवावं लागतं. आपल्याकडे ओरबाडलेल्या फांद्या कचऱ्यात जातात. तिथे एकेका फांदीतून नवं झाड उभं करतात.