पगारपत्रकातली एक ओळ

हा लेख लिहू की नको यात दोन पावसाळे गेले. इथं मी एरवी जत्रा, नाटकं, जुनी घरं, दशावतार असल्या विषयांवर लिहीत आलो. घरातलं लिहिलं नाही. पण गेल्या महिन्यात एका मित्रानं रात्री अकराला फोन करून विचारलं, "तुझ्याकडं तसं घडलं होतं ना रे? मग पुढं काय केलंत?" त्याला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

माझी सासुरवाडी सौंसरची. गोव्यात हे नाव घेतलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे सांगलीकडं का?" नाही, मध्य प्रदेशात. "तिथं मराठी?" हा दुसरा प्रश्न. हो, तिथं मराठी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तोवर नागपूर आणि हा भाग एकाच प्रांतात होते. मग नागपूर इकडं आलं आणि सौंसर-पांढुर्णा तिकडं राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शेतात संत्री आणि कापूस. तेव्हा जिल्हा छिंदवाडा होता. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सासऱ्यांना त्याचा कोण आनंद!

२००७ च्या फेब्रुवारीत नागपूरला साहित्य संमेलन होतं. बी. ए. मराठी झालेला, सरकारी खात्यात नुकताच स्थिरावलेला मी रजा टाकून गेलो. ज्या मित्राकडं उतरलो, त्याच्या घरी हिची ओळख झाली. पुढच्या वर्षी लग्न, गोव्यात. आमच्याकडं लग्नाच्या नोंदणीला दोनदा सही करावी लागते. एकदा इरादा कळवायचा, मग काही दिवस जाऊ द्यायचे, कुणाची हरकत आली नाही तर पुन्हा जाऊन सही. हिला त्याची फार मौज वाटली होती. "एकदा करून भरवसा नाही का तुमच्या सरकारचा?" असं तिनं विचारलं होतं.

ते वाक्य मला नंतर फार दिवस टोचत राहिलं.

२०१६ साली मी तिला फसवलं. यापुढं तपशील देत नाही, शब्दही मऊ करत नाही. वर्षभर चाललं होतं. उघडकीला आलं ते फोनवरच्या निरोपांमुळं नव्हे, माझ्याच पगारपत्रकामुळं. मी भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम उचलला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. त्याची वसुली चोवीस हप्त्यांत, जानेवारी २०१७ पासून. मे महिन्यात मुलीच्या शाळेच्या कुठल्याशा अर्जाला उत्पन्नाचा पुरावा हवा होता म्हणून हिनं माझ्या पिशवीतून पगारपत्रक काढलं. कपातीच्या रकान्यात एक ओळ जास्त होती. "हा हप्ता कसला जी?" एवढंच विचारलं. मी मित्राच्या आजारपणाची गोष्ट सांगितली. मित्राचं नावही सांगितलं. तिनं त्याच्या बायकोला प्रकृती विचारायला फोन केला... आणि संपलं. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते.

जूनमध्ये ती मुलीला घेऊन सौंसरला गेली. मी गेलो ऑगस्टमध्ये, पोळ्याला. मडगावहून गोवा एक्सप्रेसनं इटारसी, तिथं गाडी बदलून मुलताईवरून उलट खाली पांढुर्णा, पुढं बस. त्या प्रवासात मी काय बोलायचं याची चार वेळा उजळणी केली. दारात सासऱ्यांनी नेहमीसारखं "या जवाईबापू" म्हटलं, पाय धुवायला पाणी दिलं. कोणी एक वाकडा शब्द काढला नाही. वाकडा शब्द आला असता तर मला बरं वाटलं असतं, कारण उत्तरं तयार होती.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमची आठ वर्षांची पोरगी लाकडी बैल ओढत शेजारच्या पोरांबरोबर दारोदार हिंडायला गेली, आणि सासरे आम्हा दोघांना घेऊन पांढुर्ण्याला निघाले. हिच्या मामांचं घर नदीपलीकडं सावरगावात आहे. त्या दिवशी तिथं गोटमार असते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात. खरे दगड, पाण्याचे फुगे नाहीत. पांढुर्णेकरांना झेंडा काढायचा असतो, सावरगावकरांना तो राखायचा असतो. शेवटी चंडीमातेच्या देवळात जायचं. दर वर्षी शेकडो माणसं जखमी होतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते बाजूला ठेवले. मला ही प्रथा आवडत नाही, हे स्पष्टच लिहितो. संस्कृती म्हटलं म्हणून फुटलेलं डोकं पवित्र होत नाही.

तिची कथा अशी सांगतात. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाली. नदीच्या मध्यावर आली तेव्हा दोन्ही गावांनी पाहिलं आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. दोघं पाण्यातच मेली. (ही भोसल्यांच्या फौजेची सरावाची लढाई होती, असंही सांगणारे आहेत. पण लोकांना पहिली कथाच हवी असते.)

आम्ही मामांच्या गच्चीवर होतो. मामींचं माहेर पांढुर्ण्याचं. म्हणजे समोरच्या काठावर त्यांचे भाऊ, या काठावर त्यांचा मुलगा. दुपारी खालून एका पोराला उचलून नेताना पाहिलं, कानावरून रक्त वाहत होतं. मी मामींना विचारलं, भाऊ आणि मुलगा आज संध्याकाळी एकमेकांना तोंड कसं दाखवतील? त्यांनी माझ्याकडं बावळटाकडं बघावं तसं बघितलं. "भाऊ रातच्याला इथंच जेवाले येते. माफी मांगाले भांडण कुठी हाय? गोटे हायेत फक्त."

मी हसलो. ही हसली नाही. कठड्याला धरून नदीकडं बघत होती. सौंसरला आल्यापासून माझ्याशी ती मुलीच्या कपड्यांपलीकडं बोलली नव्हती. बराच वेळ गेला आणि ती म्हणाली, "लोकायनं काठावरून गोटे मारले त्यायले. तुम्ही हात धरून मारला."

पाठ केलेल्या चारही उजळण्यांतलं एक वाक्य मला आठवलं नाही.

सप्टेंबरअखेर ती परत आली. "पोरीची शाळा बुडते म्हणून," असं आधीच बजावून. निघण्यापूर्वी सासूबाई आम्हाला जामसावळीला घेऊन गेल्या. तिथला मारुती उभा नाही, आडवा निजलेला आहे. दूरदूरची माणसं आजारी नातलगांना घेऊन येतात आणि दिवसचे दिवस मुक्काम करतात. उपासबिपास मी काही करत नाही, पण त्या आवारात कोणालाच घाई दिसली नाही, हे मनात राहिलं.

डिचोलीला परतल्यावर मी कारकुनासारखा वागलो. कारकुनाला प्रकरण निकाली निघालेलं आवडतं. एका रात्री तिला विचारलं, माफ केलंस ना? ती म्हणाली, "माफ तं केलंच. नाहीतर आली असती का? पण भरवसा माझ्या हाती नाही जी. तो आला तर येईल." मला हे कोडं वाटलं. माफ केलं म्हणजे झालं की!

मग कायद्यात शोधायला लागलो, जुनी सवय. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्या एका सुशिक्षित दांपत्याच्या खटल्याचा निकाल लागला. तो न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला आहे. जोडीदाराचा अपराध पोटात घालणं म्हणजे काय, याचा त्यात ऊहापोह आहे. नुसती क्षमा पुरत नाही, अपराध्याला आधीच्या जागी पुन्हा बसवावंही लागतं, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच ते पोटात घातलं म्हणायचं. आणि तरीही ती माफी राष्ट्रपतींच्या माफीसारखी पुरती नसते, पुन्हा आगळीक झाली तर जुना अपराध उठून उभा राहतो. म्हणजे माझी बायको न वाचता तेच म्हणत होती. क्षमा झाली होती, जागा मिळाली नव्हती.

याच न्यायमूर्तींनी सरन्यायाधीश असताना, १९८५ साली, व्यभिचाराचं ४९७ कलम वैध ठरवलं होतं. ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झालं, आणि रद्द करणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. त्या दिवशी कार्यालयात यावर भरपूर विनोद झाले. मी गप्प होतो. त्या कलमाखाली तक्रार फक्त 'त्या' स्त्रीच्या नवऱ्याला करता येत असे. फसवणाऱ्याच्या बायकोला त्यात जागाच नव्हती! दीडशेहून अधिक वर्षं कायद्याच्या लेखी माझ्या बायकोसारखीचं काही बिघडलेलंच नव्हतं.

घरात काय चाललं होतं? फार काही नाही. दर महिन्याला पगारपत्रक मी जेवणाच्या टेबलावर ठेवायचो. तिनं सांगितलं नव्हतं. ती वाचायची, घडी घालायची, डब्यात ठेवायची. पणजीहून यायला उशीर झाला की विचारायची, कुठं होता. कदंबची बस चुकली म्हटलं की "बरं" म्हणायची, आणि त्या 'बरं'मध्ये काय असायचं ते मलाच कळायचं. एकदा मी चिडलो. "किती दिवस उकरून काढणार आहेस?" ती ताट वाढत होती. "मला काय माहीत? मी काय आधी कधी केलंय हे?" एवढं बोलून तिनं आमटी वाढली. ताटावर बसलो आणि गच्ची आठवली. उकरतेस असं म्हणताना गोटा पुन्हा माझ्याच हातात होता.

शेवटचा हप्ता डिसेंबर २०१८ चा. जानेवारीच्या पगारपत्रकात ती ओळ नव्हती. मी मोठ्या अपेक्षेनं कागद टेबलावर ठेवला. खरं सांगायचं तर मला कौतुक हवं होतं. तिनं वाचला. "ती ओळ गेली," म्हणाली. मी म्हटलं, "हो, फिटलं." तिनं चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या सरकारचं फिटलं." आणि कागद डब्यात.

त्या रात्री मी प्रथमच माझा विचार सोडून तिचा केला. विचारायची तिलाच लाज वाटत होती. आपण पोलिसासारख्या झालो, असं ती बहिणीला फोनवर म्हणाल्याचं मी ऐकलं होतं, आणि सोयीस्करपणे स्वतःच्या बाजूनं ऐकलं होतं. तिला प्रश्न विचारायला लावणं हाच माझा दुसरा अपराध चालू होता. मग मी विचारायच्या आधी सांगू लागलो. कोण भेटलं, कुठं चहा घेतला, कोणाचा फोन आला. ती बाई पुढं एका सरकारी कार्यक्रमात समोर आली, तेही त्याच संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता सांगितलं. ते सांगणं सर्वात अवघड गेलं. हिनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सांगितलं नसतं तरी कळलं नसतं मला." मी म्हटलं, हो. त्यापुढं दोघंही काही बोललो नाही.

अर्थात माझ्या उत्साहाचाही अतिरेक झाला. वर्षभरानं तीच म्हणाली, "आता पुरे जी, घराचं हजेरीपुस्तक झालं."

२०२१ मध्ये वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकायचा होता. आमच्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वेगळा करार केलेला नसेल तर बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. पूर्वी अशा कागदांवर ही मी बोट ठेवीन तिथं न वाचता सही करायची. मला त्याचा अभिमान होता. या वेळी तिनं खरेदीखत पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वकील घड्याळ बघू लागले. एका शब्दाचा अर्थ विचारला, एक सर्वे क्रमांक ताडून पाहिला, आणि सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "रागावलात?" मी नाही म्हटलं. खरंच रागावलो नव्हतो. न वाचता केलेली सही मला पुन्हा मिळणार नाही, आणि ती मागायचा हक्क मी गमावला आहे. वाचून केलेली मिळाली होती.

मित्राला हेच सांगायचं होतं. त्यानं "अजून किती महिने?" असं विचारलं होतं.

हा लेख टाकण्याआधी हिला वाचायला दिला. तिनं दोनदा वाचला. मामींच्या बोलण्यातला एक शब्द मी गोव्याच्या मराठीत लिहिला होता, तो दुरुस्त केला. सासऱ्यांना कुणी दाखवणार नाही ना, असं विचारलं. (त्यांना मोबाईलवर फक्त संत्र्याचे भाव दिसतात.) मधे त्या बाईबद्दल दोन परिच्छेद होते, त्यांवर तिनं पेन्सिलीनं काट मारली.

"हे काढा," म्हणाली. "तिचंही घर असेल."