पाठीवर पिशवी घेऊन मलाक्क्यापर्यंत

“फादर, इतके दिवस कोठे होता, आणि पाहिलेत तरी काय?” असा प्रश्न परतल्यापासून धर्मग्रामातील अनेकांनी विचारला. त्या सर्वांस एकदमच उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

नाताळचा सण आटोपल्यावर मी व माझे एक बालमित्र थायलंड आणि मलेशिया या देशांत फिरून आलो. हे मित्र बेळगावजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवितात, म्हणून त्यांस मी मास्तर म्हणतो. बरोबर वाटाड्या नव्हता. उतरण्यास मोठे हॉटेल ठरविलेले नव्हते. पाठीवर प्रत्येकी एक पिशवी, तीत दोन जोड कपडे, एक पंचा, औषधाच्या चार गोळ्या व माझे प्रार्थनेचे पुस्तक, एवढाच संसार होता. “पाठीला पेलेल तेवढेच घ्यावे, म्हणजे नजर सामानाकडे न राहता मुलखाकडे राहते,” असे मास्तरांचे मत, आणि ते खरे ठरले.

बँकॉक शहरातील खाओ सान हा रस्ता अशा पिशवीवाल्या प्रवाशांचे माहेरघर होय. या नावाचा अर्थ सडीक तांदूळ; पूर्वी तेथे तांदळाचा व्यापार चाले. आज तेथे स्वस्त निवासगृहांची दाटी आहे. एकावर एक रचलेल्या खाटांच्या खोलीत, विशीतल्या मुलांमध्ये, आम्ही दोघे चाळिशी उलटलेले गृहस्थ दोन रात्री निजलो. तेथील लोक गोऱ्या परदेशीयास ‘फरांग’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘फिरंगी’च. पुढे हाच शब्द आम्हांस वाटेत पुनःपुन्हा भेटणार होता.

चाओ फ्राया नदी ओलांडून आम्ही कुदी चीन या वस्तीत गेलो. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. तेव्हा निराश्रित झालेल्या पोर्तुगीज वंशाच्या कॅथोलिकांना राजा ताक्सिन याने येथे जागा दिली. त्यांचे सांता क्रूझ चर्च नदीकाठी उभे आहे. सध्याची इमारत १९१६ सालची आहे. येथील घराघरांतून ‘खानोम फरांग’, म्हणजे फिरंगी खाऊ, नावाचा केक करतात. मैदा, बदकाची अंडी व साखर यांखेरीज त्यात मुख्य असे काही नाही. जुन्या रीतीने तो भाजताना भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवीत. गोव्यातील गृहिणींनी हे वाचताच त्यांस आपली बिबिंक आठवेल.

बँकॉकहून रात्रीच्या बसने क्राबीस आणि तेथून बोटीने फी फी बेटांवर पोहोचलो. हा अंदमान समुद्र. आपल्या अंदमान बेटांचे पाणी याच समुद्रातले. फी फी ले या निर्मनुष्य बेटावर माया बे नावाचा छोटासा उपसागर आहे. तिन्ही बाजूंस चुनखडीचे उंच कडे आणि मध्ये पांढरी वाळू. २००० साली प्रदर्शित झालेल्या एका इंग्रजी चित्रपटात हा किनारा दिसला आणि त्याच्यावर संकट ओढवले. दिवसाकाठी पाच हजारांपर्यंत माणसे तेथे उतरू लागली. बोटींच्या नांगरांनी व पायांखाली सापडून प्रवाळ मोडले, मासे दूर गेले. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला. जानेवारी २०२२ पर्यंत तेथे प्रवाशाचे पाऊल पडले नाही.

आता तेथे जाता येते, परंतु नियमांनी. बोटी बेटाच्या मागील बाजूस लागतात, तेथून चालत जावे लागते. माणसांची संख्या ठरलेली असते, पाण्यात पोहण्यास मनाई आहे आणि दरवर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत किनारा पुन्हा विश्रांती घेतो. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी थांबते, तसेच हे. प्रवाळाची नवी लागवड झाली आहे आणि काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क मासे उथळ पाण्यात परतले आहेत. आमचा नावाडी मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “ती वर्षे फार जड गेली. मध्येच महामारीही आली. पण समुद्र मेला असता, तर माझ्या मुलाने काय केले असते?” पोटाला चिमटा घेऊन बोललेले ते वाक्य मला मोलाचे वाटले.

याच समुद्रावर २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामी आली. फी फी डॉन या शेजारच्या बेटावर असंख्य माणसे बुडाली. परंतु उत्तरेकडील सुरिन बेटांवरचे मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक वाचले. समुद्र एकाएकी आटला, की माणसे गिळणारी लाट येते, ही आजोबा-पणजोबांची गोष्ट त्यांस ठाऊक होती. म्हणून पाणी ओसरताच ते टेकडीवर पळाले. मास्तर हे ऐकून म्हणाले, “भूगोलाचा एवढा चांगला धडा कोणत्याही पुस्तकात नाही.”

तेथून दक्षिणेस सीमा ओलांडून आम्ही आगगाडीने बटरवर्थला व फेरीबोटीने पिनांग बेटावरील जॉर्जटाउनला आलो. येथे ‘नासी कांदार’ खाल्ले. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे आपली कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी एका टोकास भात व दुसऱ्या टोकास कालवण टांगून गोदीतील हमालांना जेवू घालीत. त्यांच्या खांद्यावरील ओझे दुसऱ्यांसाठी होते. आमच्या पाठीवरचे आमच्याच पुरते, असा विचार मनात आला. बेटाच्या उत्तरेस एका पुळणीचे नाव बातू फिरिंगी. बातू म्हणजे खडक. फिरंगी येथेही होताच!

प्रवासाचा शेवटचा मुक्काम मलाक्का. १५१० साली गोवा घेणारा अल्बुकर्क पुढच्याच वर्षी मलाक्क्यावर चालून गेला व तेव्हापासून या दोन नगरांचे नाते जडले. टेकडीवर सेंट पॉल चर्चच्या बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यापाशी निवर्तले. पुढील मार्चमध्ये त्यांचा देह येथे आणून पुरण्यात आला आणि मार्च १५५४ मध्ये तो गोव्यास पोहोचला. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यात ज्या पवित्र अवशेषांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले, त्यांचा गोव्यास पोहोचण्यापूर्वीचा एक विसावा म्हणजे हा रिकामा खड्डा. आम्ही तेथे बराच वेळ निःशब्द उभे राहिलो.

टेकडीपासून थोड्या अंतरावर समुद्रकाठी क्रिस्तांग लोकांची वस्ती आहे. क्रिस्तांग म्हणजे आपला ‘किरिस्तांव’. १६४१ मध्ये डच आले. पोर्तुगीज सत्ता गेली, पण या लोकांनी धर्म सोडला नाही, की पोर्तुगीज शब्दांची आपली बोलीही सोडली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन धर्मगुरूंच्या खटपटीने त्यांतील गरीब कोळी कुटुंबांस ही जागा मिळाली. संत पेत्राच्या सणास, जूनअखेरीस, येथे होड्या सजवून त्यांस आशीर्वाद देतात, आणि उपवासकाळापूर्वी गोव्याप्रमाणेच ‘इंत्रुदु’ खेळतात. मलय भाषेतही मेजास मेजा, कपाटास आलमारी व चर्चला गेरेजा म्हणतात. मास्तर वहीत शब्द टिपून दमले!

या लोकांचा पिढीजात धंदा जवळा पकडण्याचा. त्यास ते ‘गेरागाऊ’ म्हणतात. दोन बांबूंच्या कैचीस जाळे बांधून, कमरेइतक्या पाण्यात चालत ते जाळे पुढे ढकलतात. या जवळ्याचा ठेचून, वाळवून मसाला करतात. परंतु गेल्या काही दशकांत वस्तीसमोरचा समुद्र भराव घालून हटविण्यात आला. जेथे जवळा मिळे, तेथे जमीन झाली. जाळे घरात टांगून ठेवलेला एक वृद्ध कोळी आम्हांस म्हणाला, “माझे शेत बुजविले. मी नांगर कोठे धरू?” यावर उत्तर आम्हांजवळ नव्हते. त्याच्या घरी चहा घेऊन आम्ही उठलो.

वाचकहो, एका ठिकाणी माणसांनी हात आवरला आणि समुद्र परत आला. दुसऱ्या ठिकाणी आवरला नाही, आणि कोळ्याचे शेत गेले. गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. बेळगावकडच्या डोंगरउतारावरील शेतकऱ्यांसही नको. पुळण, खाजण वा शेत कोणी मागावयास आले, तर केवळ मिळणारी रक्कम पाहू नये. नातवंडे कोठे जाळे टाकतील, कोठे पेरतील, हेही घरात बसून बोलावे, वडीलधाऱ्यांस विचारावे. आणि आपण स्वतः परमुलखात जाऊ, तेव्हा पिशवी हलकी ठेवावी, यजमानाचे अंगण राखावे आणि जे घेतले त्याचे योग्य मोल द्यावे. पाहुण्याचा धर्म याहून मोठा नाही.