आवर कोणाचा, कोणाला

दोन देशांत तणाव वाढला की बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास येतं. उभय बाजूंनी ‘एक्सरसाइज रिस्ट्रेंट’ करावं, असं कुणीतरी आवाहन करतं आणि मराठीत त्याचं ‘संयम बाळगावा’ होतं. गावात दोन गटांत ठिणगी पडली तर पोलिसांच्या पत्रकातही तेच असतं: नागरिकांनी संयम बाळगावा, अफवांवर विश्वास ठेवू नये. भाषांतर चोख आहे. संयम ‘बाळगायचा’ असतो, ‘राखायचा’ असतो आणि वेळ आली की तो ‘सुटतो’. ही क्रियापदं इतकी घट्ट बसली आहेत की तिथे माझ्यासारख्या अनुवादकाला करण्यासारखं काही उरत नाही.

अडचण पुढे सुरू होते. या एका वाक्यामुळे रिस्ट्रेंट म्हणजे संयम असं समीकरण डोक्यात पक्कं बसतं, आणि मग न्यायालयाचे कागद, गाडीची माहितीपुस्तिका, रुग्णालयाचा फॉर्म अशा सगळीकडे ते लागू करायचा मोह होतो. इंग्रजीला स्वतःने स्वतःला आवरणं आणि दुसऱ्याने आपल्याला अडवणं या दोन्हींसाठी हा एकच शब्द पुरतो. मराठीला पुरत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की आवर कोणाचा आणि कोणाला. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी शब्दकोश उघडण्याआधी हेच विचारायला लावते. वाक्यात आवरणारा कोण आहे? आवरला जाणारा तोच आहे की दुसरा? आणि किती आवरलंय, नुसतं हळू केलंय की पार थांबवलंय?

घरगुती वाक्यांत याचं उत्तर फार सुंदर मिळतं, कारण तिथे मराठी त्या नामाला हातही लावत नाही. ‘विदाउट रिस्ट्रेंट’ हे एवढंसं शेपूट घ्या. एखादी बाई विदाउट रिस्ट्रेंट हसली, तर मराठीत ती खळखळून हसते. रडली तर ओक्साबोक्शी रडते. कुणी तसा जेवला तर त्याने आडवा हात मारला, आणि तसा पैसा उडवला तर वारेमाप खर्च केला. ‘संयमाशिवाय हसली’ असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की हसण्यात तिचं काही चुकलंच. इंग्रजीतलं ते शेपूट कौतुकालाही चालतं आणि निंदेलाही. मराठीत मात्र खळखळून म्हटलं की कौतुक झालं, वारेमाप म्हटलं की निंदा झाली. म्हणजे मूळ लेखकाने मोघम सोडलेली गोष्ट अनुवादकाला उघड करावी लागते. बोलण्याच्या बाबतीत तर जपूनच पाऊल टाकावं लागतं. ती विदाउट रिस्ट्रेंट बोलली म्हणजे मन मोकळं करून बोलली, की तिच्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही? मागची दोन पानं वाचल्याशिवाय मी त्या वाक्याला हात घालत नाही.

‘धरबंध’ हा शब्द माझ्या विशेष आवडीचा. तो बहुतेक नकारातच भेटतो, ‘काही धरबंध आहे की नाही?’ असा. मराठी माणूस आवर सुटला की त्याबद्दल भरभरून बोलतो. आवर शाबूत असतो तेव्हा जीभ आवरणं, हात आखडता घेणं, मनाला मुरड घालणं अशी क्रियापदं येतात आणि प्रत्येकात काहीतरी ठोस धरलेलं असतं: जीभ, हात, मन. चित्रपटाच्या समीक्षेत ‘रिस्ट्रेन्ड’ अभिनयाला आपण ‘संयत’ म्हणतो, ते ठीकच आहे. पण कथा-कादंबरीत मी शक्यतो ही क्रियापदंच वापरते. ‘त्याने कमालीचा संयम दाखवला’ यापेक्षा ‘ओठावर आलेलं त्याने गिळलं’ हे मला जास्त खरं वाटतं.

कायद्याच्या भाषेत आवरणारा बहुतेकदा बाहेरचा असतो. भारतीय करार अधिनियम १८७२ घ्या. त्याच्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. दुकान नावलौकिकासह विकलं तर विकणाऱ्यावर वाजवी मर्यादा घालता येतात, एवढा अपवाद. त्याच्या आधीचं कलम २६ लग्नाबद्दल आहे: सज्ञान व्यक्तीला लग्न करण्यापासून रोखणारा करार टिकत नाही. दोन्ही ठिकाणच्या ‘रिस्ट्रेंट’साठी ‘संयम’ लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होईल. फौजदारी कायद्यात तर मापही ठरलेलं आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३३९ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये आला, तो ‘राँगफुल रिस्ट्रेंट’ म्हणजे ज्या दिशेने जायचा माणसाला हक्क आहे त्या दिशेने त्याला जाऊ न देणं. एक वाट अडली, बाकीच्या मोकळ्या असल्या तरी गुन्हा झाला. सगळ्या बाजू बंद करून त्याला ठरावीक हद्दीत कोंडलं की तो पुढचा, अधिक गंभीर गुन्हा होतो. मराठी कायद्यात पहिल्याला ‘गैरनिरोध’ आणि दुसऱ्याला ‘गैरपरिरोध’ म्हणतात. शब्द नेमके आहेत, न्यायालयात ते तसेच लागतात आणि मीही तसेच लिहिते. पण तक्रारदाराचं म्हणणं उतरवताना मी ‘वाट अडवली’ हेच ठेवते. बांधावर काट्या टाकल्या, बैलगाडी आडवी लावली, हे सांगणारा माणूस गैरनिरोध म्हणत नाही, आणि त्याच्या तोंडी तो शब्द घालण्याचा मला अधिकार नाही.

मात्र एका ठिकाणी मराठीने इंग्रजीतला फरक गिळून टाकला आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. १९२९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालेला बालविवाहाचा कायदा आपल्याकडे शारदा कायदा म्हणून ओळखला जातो. नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून पडलेलं. पण मराठी कानाला त्यात देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ नाटकातली शारदा ऐकू येते, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाऊ पाहणारी ती मुलगी, आणि ते नाव इथे घट्ट रुजलं. या कायद्याच्या इंग्रजी नावात रिस्ट्रेंट होतं. मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं, मोडणाऱ्याला शिक्षा ठरली, पण झालेलं लग्न मात्र वैधच राहिलं. म्हणजे आवर घातला, बंदी नाही. २००६ सालच्या नव्या कायद्याने नावातून तो शब्द काढला आणि ‘प्रोहिबिशन’ घातलं. लहान वयात लग्न लावलेल्या मुलीला किंवा मुलाला ते रद्द करून घेता येऊ लागलं, पळवून आणून किंवा विकून लावलेलं अल्पवयीनाचं लग्न तर मुळातच शून्य ठरलं. नावातला बदल विचारपूर्वक केलेला होता. आपण सर्रास दोन्हींना ‘बालविवाह प्रतिबंधक कायदा’ म्हणतो. सत्त्याहत्तर वर्षांत कायदा जेवढा पुढे सरकला, ते अंतर मराठी वाचकाला नावात दिसतच नाही. या दोन कायद्यांवरचा मजकूर माझ्याकडे आला की पहिल्यासाठी ‘निर्बंध’ आणि दुसऱ्यासाठी ‘मनाई’ वापरावं, असा आग्रह मी धरते. संपादक कधी ऐकतात, कधी रूढ नावच ठेवतात.

गाडीच्या पुस्तिकेतला ‘चाइल्ड रिस्ट्रेंट’ सोपा. लोक त्याला लहान मुलाची सीट म्हणतात आणि तेच लिहावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. शब्द कळला नाही म्हणून कुणाचं मूल मोकळं बसू नये.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला आहे तो रुग्णालयाच्या फॉर्मवर. ‘फिजिकल रिस्ट्रेंट’. छापील नमुन्यांत याचं ‘शारीरिक नियंत्रण’ केलेलं असतं. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाने ते वाचलं तर त्याला काय समजेल? बहुधा आईची प्रकृती नियंत्रणात आहे, असंच. प्रत्यक्षात गोष्ट अशी असते की आई भ्रमात आहे, नाकातली नळी उपसते आहे, म्हणून तिची मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधणार आहेत. वॉर्डातली माणसं एकमेकांत ‘पेशंटला बांधलंय’ असंच म्हणतात. कागदावर मात्र ‘बांधणं’ लिहायला सगळे बिचकतात, आणि ते बिचकणं मला कळतं. आपल्या देशात या क्रियापदाला भयंकर इतिहास आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीतल्या मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आलं नाही.

पण म्हणूनच तो शब्द लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम ९७ या बाबतीत कडक आहे. मनोरुग्णाला एकांतात कोंडायचं नाहीच. बांधायचं तर समोर आलेला धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरता वेळ. शिक्षा म्हणून नाही, कर्मचारी कमी आहेत म्हणून तर नाहीच. आणि रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं. ‘शारीरिक नियंत्रण’ वाचून सही करणाऱ्या नातेवाइकाला आपण काय विचारायला हवं हेच समजत नाही. ‘बांधून ठेवणं’ वाचलं की तो लगेच विचारतो: किती वेळ? कशाने? कोण सोडणार? म्हणून मी फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहिते, ‘रुग्णाचे हात किंवा पाय मऊ पट्ट्यांनी बांधून ठेवणे’, आणि त्याखाली कारण, सुरुवातीची वेळ, सोडण्याची वेळ आणि परवानगी देणाऱ्या डॉक्टरांची सही यांच्यासाठी मोकळ्या जागा ठेवते.