येवले : पैठणीच्या पलीकडचे

येवले म्हटले की आपल्या घरांत पैठणीचा विषय निघतो. आमच्याकडे तरी दुसरे काय झाले! मनमाडहून थोड्याच अंतरावरचे हे गाव; जावे त्या गल्लीत मागांचा खटखटाट आणि पदरावर मोर-पोपट. खरेदी आटोपली, तशी मी मंडळींना मुक्तिभूमीकडे नेले.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते. पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्यामागे नाशिकचा अनुभव होता. २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नव्हते. त्यातच मे १९३५ मध्ये पत्नी रमाबाई वारल्या होत्या. बंद दारापाशी आणखी थांबायचे नाही, हा निर्णय येवल्यास जाहीर झाला.

पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४७ साली ते कायदेमंत्री झाले, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षही झाले. पदे आली, पण येवल्याचा शब्द ते विसरले नाहीत. कोणता धर्म स्वीकारायचा, हे मात्र त्यांनी घाईने ठरवले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली होती, आणि वर १ दिवस!

येवल्यास जाल तेव्हा पैठणी अवश्य घ्या. पण मुक्तिभूमीसाठी तासभर राखून ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या. शब्द पाळणे म्हणजे काय, हे तेथे सोपे करून सांगता येते.