डोळा

शब्दकोशात ‘डोळा’ हा शब्द काढून पाहिला, तर पहिला अर्थ सर्वांच्या ओळखीचा निघतो : पाहण्याचे इंद्रिय. पण हा शब्द तेवढ्यावर समाधान मानणारा नाही. माणसाचा चेहरा सोडून तो मोराच्या पिसाऱ्यावर, नारळाच्या करवंटीवर, बटाट्याच्या सालीवर आणि उसाच्या पेरावर जाऊन बसतो. आणि प्रत्येक ठिकाणी त्याची तऱ्हा निराळी असते.

वाक्प्रचार शिकवताना मी एकदा ‘डोळे फुटणे’ याचा वाक्यात उपयोग करावयास सांगितला होता. बहुतेक मुलांनी कोणा ना कोणा दुर्दैवी माणसास आंधळे करून टाकले. एका शेतकऱ्याच्या मुलाने मात्र लिहिले, ‘आमच्या उसाला डोळे फुटले आणि आबांना आनंद झाला.’ सारा वर्ग हसला. मी त्याला पूर्ण गुण दिले. घरात जे संकट, तेच शेतात शुभवर्तमान, हे त्याच्या एका वाक्याने दाखवून दिले होते.

शेतकरी ऊस बी पेरून लावीत नाही. उसाचे लहान तुकडे, म्हणजे टिपऱ्या करून त्या तो सरीत लावतो. पेरापेराला एकेक डोळा असतो आणि त्यातूनच नवा कोंब निघतो. म्हणून बेणे दुसऱ्या गावाहून आणावयाचे असेल, तर जाणता शेतकरी त्यावरचे पाचट काढीत नाही. वाटेत डोळ्यांना इजा होऊ नये, ही त्याची काळजी. एका डोळ्याची टिपरी लावताना तो डोळा वरच्या बाजूस ठेवतो. उभ्या उसात हेच डोळे झोपलेले असतात. शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारे एक द्रव्य त्यांना फुटू देत नाही. ऊस तोडला, शेंड्याचा धाक संपला, की ते जागे होतात. माणसाचा डोळा लागला, की तो झोपतो. उसाचा डोळा लावला, की तो जागा होतो!

बटाट्याच्या डोळ्यांनी तर त्याचे कूळ उघड केले आहे. तो जमिनीखाली वाढतो म्हणून पुष्कळजण त्याला मूळ समजतात. वास्तविक तो खोडाचाच फुगलेला भाग आहे, आणि त्याच्यावरचे डोळे हीच त्याची साक्ष. रताळे मात्र खरोखर मूळ. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. रताळ्यावर तसे डोळे सापडावयाचे नाहीत. नारळाला तीन डोळे असतात, पण मऊ असतो एकच, आणि कोंब बाहेर येतो तो त्यातूनच. राहता राहिला मोराच्या पिसावरचा डोळा. तो देखणा खरा. पण त्यातून ना काही दिसते, ना काही उगवते.

झाडाच्या अंगावरील कळीला प्रथम ज्याने ‘डोळा’ म्हटले, त्याने नुसता आकार पाहिला नसावा, असे मला वाटते. मिटलेले काहीतरी उघडते, हे त्याने पाहिले असावे.

‘डोळे भरून येणे’ म्हणजे अश्रू येणे, हे तुम्हांला ठाऊक आहे. रोपवाटिकेतला माळी ‘डोळा भरतो’ तो निराळाच. संत्र्याच्या चांगल्या झाडावरून तो सालीच्या चिमुकल्या तुकड्यासह एक डोळा अलगद काढतो, जंबेरीच्या रोपाच्या सालीला चीर देतो, तीत तो डोळा बसवतो आणि वरून घट्ट बांधतो. डोळा जगून फुटला, की त्याच्या वरचा जंबेरीचा शेंडा छाटावयाचा. पुढे मुळे राहतात जंबेरीची आणि फळे लागतात संत्र्याची.

माणसाच्या बाबतीतही असे काही घडू शकते. बुबुळावर काचेसारखे एक पारदर्शक पटल असते. ते पांढरे पडले, तर डोळा शाबूत असूनही दिसेनासे होते. मृत्यूनंतर सुमारे 6 तासांच्या आत कोणी नेत्रदान केले, तर त्याचे निरोगी पटल अशा माणसाच्या डोळ्यावर बसवता येते. पटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परक्या देहातही ते पुष्कळदा रुजते. दाता चष्मा लावणारा असला, तरी चालते.

ही शस्त्रक्रिया माणसावर प्रथम यशस्वी झाली ती 7 डिसेंबर 1905 रोजी. आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या शहरी एडुआर्ड झिर्म नावाच्या नेत्रवैद्याने ती केली. रुग्ण होता चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर. ज्याचे पटल त्याला मिळाले तो मात्र मृत नव्हता. अपघातात एक डोळा कायमचा निकामी झालेला तो मुलगा होता, आणि त्याचे वय 11 वर्षांचे होते. त्याचा तो डोळा काढावाच लागला. पण त्यावरचे पटल अजून स्वच्छ होते. ते मजुराच्या एका डोळ्यावर रुजले, आणि त्यातून तो मजूर पुन्हा पाहू लागला.